माणदेशात वाढवलेल्या कडकनाथला झाबुआचे मानांकन लागू होते का?

प्रश्नकर्त्यांनी मांडलेली परिस्थिती अशी आहे. माण तालुक्यात ते कडकनाथ कोंबड्या पाळतात आणि पुण्यातील एका हॉटेलला स्वच्छ केलेले मांस पाकीटबंद करून देण्याची बोलणी सुरू आहेत. हॉटेलच्या खरेदी विभागाने विचारले की, मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या वस्तूच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) आहे, तर तुमच्याकडे त्याचे प्रमाणपत्र आहे का? ज्यांच्याकडून पिल्ले घेतली त्यांनी ‘जीआय प्रमाणित पिल्ले’ असा छापील कागद दिला होता, तो चालेल का, असा त्यांचा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की, पाकिटावर नुसते ‘कडकनाथ’ लिहिले तरी गुन्हा ठरेल का? आणि तिसरा, परिसरातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ‘माणदेशी कडकनाथ’ असे स्वतंत्र मानांकन घेता येईल का?

उत्पादक गटांचे मानांकनाचे अर्ज तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि जवळपास प्रत्येक गटाकडून याच तीन प्रश्नांचे कोणते ना कोणते रूप ऐकले आहे. माझी उत्तरे आधी देतो. तो कागद चालणार नाही. ‘कडकनाथ’ हा शब्द, उगम स्पष्ट लिहून, वापरण्यात माझ्या मते मोठी अडचण नाही. ‘झाबुआ’ हा शब्द आणि जीआयचे बोधचिन्ह मात्र मुळीच वापरू नये. स्वतंत्र मानांकनाच्या मागे लागू नये, कारण तुमची खरी गरज वेगळ्या मार्गाने भागते. यातील दुसरे उत्तर बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. पाकिटावरचा नेमका मजकूर, चित्र, जाहिरातीतील भाषा आणि नोंदणीची सध्याची स्थिती पाहिल्याखेरीज कोणीही त्यावर शंभर टक्के खात्री देऊ नये.

आता कारणे. आपल्याकडचा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा आहे, तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला आणि मानांकनाची नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते. या कायद्याने संरक्षण मिळते ते एका नावाला, आणि तेही त्या नावाने विकल्या जाणाऱ्या विशिष्ट वस्तूला. झाबुआच्या प्रकरणातील नोंदणी ‘झाबुआ कडकनाथ ब्लॅक चिकन मीट’ या नावाने, मांस या वस्तूसाठी आहे. कोंबडीची जात तिच्यात नोंदलेली नाही, अंडी नाहीत आणि पिल्लेही नाहीत. म्हणून ‘जीआय प्रमाणित पिल्लू’ अशी वस्तूच कायद्यात अस्तित्वात नाही. जातीची नोंद ही पूर्णपणे वेगळी गोष्ट असून ती कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो करतो; कडकनाथ तिथे देशी कोंबडीची जात म्हणून नोंदलेली आहे. तुमच्या विक्रेत्याने या दोन नोंदींची सरमिसळ केली असावी, किंवा जाणूनबुजून गोंधळात टाकले असावे.

त्या कागदाबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे मला गरजेचे वाटते, कारण आपल्या भागातील शेतकऱ्यांचे यात फार नुकसान झाले आहे. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून उघडकीस आलेल्या कडकनाथ प्रकरणात पिल्ले, खाद्य आणि परतखरेदीची हमी एकत्र विकली गेली आणि हजारो कुटुंबांचे पैसे बुडाले. अशा योजनांमध्ये ‘मानांकन’ हा शब्द भरवसा निर्माण करण्यासाठी वापरला जातो. कायद्याच्या कलम २४ नुसार भौगोलिक मानांकनाचा हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही आणि परवान्याने दुसऱ्याला देताही येत नाही. त्यामुळे कोणी तुम्हाला मानांकनाची ‘फ्रँचायझी’ देऊ करत असेल, तर त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

झाबुआची नोंदणी कशी झाली हे थोडे तपशिलात पाहणे उपयोगाचे आहे. झाबुआ येथील ग्रामीण विकास ट्रस्टने २०१२ मध्ये अर्ज केला. पश्चिम मध्य प्रदेशातील भिल्ल आणि भिलाला समाजाने पिढ्यान्‌पिढ्या परसात पाळलेली, स्थानिक बोलीत ‘कालीमासी’ म्हणून ओळखली जाणारी ही कोंबडी आहे, अशी त्या दाव्यामागची पार्श्वभूमी होती. अर्ज प्रलंबित असतानाच छत्तीसगडमधील दंतेवाड्याच्या वतीनेही दावा पुढे आला. तिथेही आदिवासी कुटुंबे आणि बचत गट मोठ्या प्रमाणावर कडकनाथ पाळत होते आणि त्यांचेही म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. अखेर २०१८ मध्ये नोंदणी झाबुआच्या नावे झाली. एखादी वस्तू आज कुठे जास्त प्रमाणात तयार होते, यावर निर्णय होत नाही. तिची ख्याती कोणत्या भूमीशी जोडलेली आहे आणि ते कागदोपत्री कोण दाखवू शकते, हे पाहिले जाते.

या नोंदणीत एक नाजूक मुद्दा आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यावरच उभे आहे. कडकनाथची कातडी, मांस, हाडांवरचे आवरण आणि आतील अवयव काळसर असतात ते मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे, आणि ते रंगद्रव्य शरीरभर पसरते ते आनुवंशिक कारणाने. चीनमधील सिल्की आणि इंडोनेशियातील अयाम सेमानी या कोंबड्यांमध्येही तोच गुण आढळतो. म्हणजे काळेपणा पिल्लाबरोबर प्रवास करतो. तो झाबुआत जितका दिसेल तितकाच माण तालुक्यातील दहिवडीलाही दिसेल. प्रवास करत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या आहेत: मोकळ्यावर फिरून वेचलेले किडे आणि धान्य, सावकाश होणारी वाढ, पाळणाऱ्यांची पद्धत, आणि त्या प्रदेशाच्या नावाला आलेली प्रतिष्ठा. भौगोलिक मानांकन या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींसाठी असते.

हे समजण्यासाठी एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांच्या रांचीतील फार्मसाठी २०२२ मध्ये झाबुआहून २,००० कडकनाथ पिल्ले पाठवली गेली. ती पिल्ले अस्सल होती, जात तीच होती, हॅचरी झाबुआची होती. तरीही रांचीत वाढलेल्या त्या पक्ष्यांचे मांस ‘झाबुआ कडकनाथ’ म्हणून विकता येणार नाही, असे मी कोणालाही सांगेन, कारण मांस तयार होण्याची सारी प्रक्रिया झारखंडात घडली. तुमची स्थिती कायद्याच्या नजरेत तीच आहे. पिल्ले झाबुआहून आणल्याची पावती हा जातीच्या शुद्धतेचा पुरावा होऊ शकतो, आणि हॉटेलला तो दाखवावा. उगमाचा पुरावा म्हणून तो चालत नाही.

मग नुसता ‘कडकनाथ’ हा शब्द? कलम २२ मधील मुख्य कसोटी अशी आहे की, वस्तूच्या खऱ्या उगमाबाबत ग्राहकाची दिशाभूल होते का. नोंदणीतील नाव ‘झाबुआ’ने सुरू होते, आणि ‘कडकनाथ’ हे जातीचे नाव म्हणून देशभरातील कृषी विज्ञान केंद्रे, विद्यापीठे आणि पशुसंवर्धन विभाग वापरत आले आहेत. म्हणून पाकिटावर ‘कडकनाथ जातीच्या कोंबडीचे मांस, संगोपन: माण तालुका, जिल्हा सातारा, महाराष्ट्र’ असे ठळकपणे लिहिले असेल, तर दिशाभुलीचा आरोप टिकणे अवघड आहे, असे माझे मत आहे. याउलट ‘अस्सल झाबुआ कडकनाथ’, ‘झाबुआ पद्धतीचे’ किंवा आदिवासी पाड्याचे चित्र आणि खाली बारीक अक्षरात सातारा, असा मजकूर असेल तर मी तो छापू देणार नाही. खोटे भौगोलिक मानांकन लावणे हा तुरुंगवासाची तरतूद असलेला गुन्हा आहे, केवळ नुकसानभरपाईचा दावा नव्हे. बोधचिन्हाबाबत तर शंकेला जागाच नाही. नोंदणीकृत मालक किंवा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदलेले नसेल, तर खुद्द झाबुआतील शेतकऱ्यालाही ते वापरता येत नाही.

मानांकनाची नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची असते आणि नंतर नूतनीकरण करावे लागते. २०१२ च्या अर्जाची पहिली दहा वर्षे २०२२ मध्येच पूर्ण झाली. म्हणून हॉटेलशी पत्रव्यवहार करण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या नोंदीची आजची स्थिती, आखलेला भूप्रदेश आणि वस्तूचे वर्णन स्वतः वाचून घ्या आणि त्याची प्रत हॉटेललाही द्या. खरेदी अधिकाऱ्याला बहुधा एवढेच हवे असते की, उद्या कोणी विचारले तर दाखवायला कागद असावा.

परदेशातही हाच पेच वारंवार आला आहे. इंग्लंडमधील कंबरलँड सॉसेज हे त्या परगण्याच्या नावाचे, पण ते नाव वापरून देशभरातील कारखाने इतकी वर्षे सॉसेज विकत होते की नुसत्या त्या नावावर हक्क सांगणे शक्य राहिले नव्हते. २०११ मध्ये युरोपीय संरक्षण मिळाले ते ‘ट्रॅडिशनल कंबरलँड सॉसेज’ या नावाला, किमान ८० टक्के मांस आणि वेटोळ्याच्या रूपातील अखंड लांबी अशा अटींसह. बाकीच्यांचे ‘कंबरलँड’ बाजारात राहिले. परंपरागत म्हणवून घेण्याचा हक्क तेवढा त्या भूमीतील उत्पादकांकडे आला. ‘झाबुआ कडकनाथ’ आणि ‘कडकनाथ’ यांच्यातील नाते मला साधारण असेच दिसते, आणि दोन्ही बाजूंना ते न्याय्य वाटते.

आता तुमचा तिसरा प्रश्न, ज्यावर मला जास्त बोलायचे आहे. ‘माणदेशी कडकनाथ’ला स्वतंत्र मानांकन मिळण्याची शक्यता मला फार कमी वाटते. अर्जात तुम्हाला दाखवावे लागेल की, या मांसाचा एखादा गुण, वैशिष्ट्य किंवा ख्याती मूलतः माणदेशाच्या भूमीमुळे किंवा तिथल्या माणसांच्या कसबामुळे आहे. कडकनाथ आपल्याकडे रुळला तो अलीकडच्या काळात. जुने दस्तऐवज, गॅझेटियर, बाजाराच्या नोंदी, प्रवासवर्णने असे काहीही तुमच्या बाजूने उभे राहणार नाही. हैदराबादच्या बिर्याणीसारख्या जगप्रसिद्ध पदार्थाचा अर्जही उगमाचा पुरेसा ऐतिहासिक पुरावा न दिल्यामुळे फेटाळला गेल्याचे वृत्त आले होते. त्याच शहराच्या हलीमला (मांस आणि गहू घोटून केलेल्या पदार्थाला) मात्र २०१० मध्ये मानांकन मिळाले आणि भारतात मांसाहारी पदार्थाला मिळालेले ते पहिले मानांकन ठरले. हलीमच्या बाजूने त्याच्या उत्पादकांची संघटना होती, आणि मांस कोणते, तूप कसे, भांडे कोणते, किती तास शिजवायचे, हे त्या संघटनेने ठरवून लिहून दिले होते.

लिहून देणे आणि ते पाळले जाते की नाही हे तपासणे, यातच मानांकनाचा जीव असतो. अर्जाच्या नमुन्यात तपासणी यंत्रणेचा रकाना असतो. बहुतेक गट त्यात एका समितीची नावे टाकून मोकळे होतात आणि ती समिती पुढे कधी भरत नाही. याच्या उलट टोकाला इटलीतील पार्मा हॅम, म्हणजे मीठ लावून मुरवलेली डुकराची मांडी, आहे. तिथल्या उत्पादकांचा संघ १९६३ मध्ये स्थापन झाला, म्हणजे युरोपीय नोंदणीच्या तीसहून अधिक वर्षे आधी. डुक्कर लहान असतानाच त्याच्या मागच्या मांड्यांवर पाळणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक गोंदला जातो. कत्तलखान्यात त्याच मांडीवर कत्तलखान्याचा शिक्का उमटतो. मीठ लावण्यापूर्वी संघाची धातूची मुद्रा लावली जाते आणि तिच्यावर प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख असते. मग मांडी वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ टांगलेली राहते. शेवटी घोड्याच्या हाडापासून केलेली बारीक सुई मांसात ठरलेल्या ठिकाणी खुपसून लगेच बाहेर काढतात आणि तिचा वास घेतात. बिघाड असेल तर तो तिथे कळतो. एवढ्यातून पार पडलेल्या मांडीवरच पाच टोकांच्या मुकुटाचा डाग दिला जातो. दुकानातला माणूस ती मांडी हातात घेऊन, कोणत्याही कागदाशिवाय, ती कुठल्या गोठ्यातून आली इथपर्यंत मागे जाऊ शकतो.

या संघाने किती चिकाटीने नाव राखले तेही सांगण्याजोगे आहे. हॅमच्या चकत्या करणे आणि पाकिटे भरणेही पार्माच्याच प्रदेशात झाले पाहिजे, ही अट त्यांनी ब्रिटनमधील एका सुपरमार्केट साखळीविरुद्ध युरोपीय न्यायालयापर्यंत नेली आणि २००३ मध्ये न्यायालयाने ती अट वैध ठरवली; मात्र ती अट आधी पुरेशी जाहीर झालेली नसल्याने त्या प्रकरणात ती लागू करता आली नाही. कॅनडात ‘पार्मा’ हे व्यापारचिन्ह दुसऱ्याच कंपनीच्या नावे नोंदलेले असल्यामुळे खऱ्या पार्मा हॅमला तिथे कित्येक वर्षे स्वतःचेच नाव वापरता आले नाही. नाव जपायला पैसा, वकील आणि दशकानुदशके टिकणारी संघटना लागते. शासकीय शुल्क या सगळ्यापुढे नगण्य आहे.

तुमच्यासारखाच प्रश्न मला गोव्यातील मंडळींकडून चोरिसबद्दल, म्हणजे गोवन सॉसेजबद्दल, येतो, आणि तिथे माझे उत्तर वेगळे असते. डुकराचे मांस, माडाच्या ताडीपासूनचे व्हिनेगर, लाल मिरची आणि लसूण यांत मुरवून आतड्याच्या आवरणात भरायचे, दोऱ्याने गाठी मारून माळा करायच्या, उन्हात वाळवायच्या आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून चुलीच्या धुरावर टांगायच्या, ही पद्धत त्या भूमीच्या हवामानातून आणि पोर्तुगीज काळाच्या इतिहासातून घडलेली आहे. तिथे भूमी आणि कसब या दोन्हींचा संबंध दाखवता येतो. अडचण दुसरीकडे आहे. प्रत्येक घराचा मसाला वेगळा, कोणी धूर देतो, कोणी फक्त ऊन देतो, कोणी बाजारातले कृत्रिम व्हिनेगर वापरतो. मी तिथे पहिल्याच बैठकीत सांगतो की, मसाल्याचे प्रमाण लिहू नका, ते घराघरांवर सोडा. पण व्हिनेगर कोणते, मांसाचे तुकडे हाताने कापलेले की यंत्रातून दळलेले, आणि वाळवण किती दिवसांचे, या तीन गोष्टींवर एकमत झाल्याशिवाय अर्जाला हात लावू नका. कारण अर्जात जे लिहाल तेच उद्या तुमच्यातल्या कोणाला तरी बाहेर ठेवेल, आणि तो माणूस तुमचाच शेजारी असेल.

तुमच्याकडे परत येतो. तुम्हाला हवे आहे ते असे की, हॉटेलने किलोमागे वाजवी भाव द्यावा आणि पुढच्या वर्षी कोणी संकरित काळी कोंबडी अर्ध्या किमतीत आणून तुमची ऑर्डर तोडू नये. यासाठी १९९९ च्याच व्यापारचिन्ह कायद्यातील सामूहिक चिन्हाची तरतूद तुमच्या गटाला जास्त उपयोगाची आहे. गटाची सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी करा, तिच्या नावे मांसाच्या वर्गात एक सामूहिक चिन्ह नोंदवा, आणि अर्जासोबत वापराचे नियम द्या. नावात ‘माणदेश’ असा प्रदेशवाचक शब्द घ्यायचा असेल तर हरकत येऊ शकते, म्हणून चिन्हात वेगळा, ओळख पटवणारा शब्द किंवा आकृती असावी आणि गावाचा पत्ता खाली साध्या अक्षरात असावा. इथे शतकाचा इतिहास लागत नाही. नियम आणि ते पाळणारे सभासद लागतात.

त्या नियमांत काय असावे, हे तुमच्या शेडवर अवलंबून आहे, पण मी आग्रह धरेन तो या गोष्टींचा. पिल्ले कोणत्या हॅचरीतून कोणत्या तारखेला आली याची बॅचवार नोंद. पायात क्रमांकाची रिंग. दिवसातून किती तास पक्षी मोकळे सोडले जातात. किती दिवसांचा पक्षी आणि किती जिवंत वजनाचा विक्रीला काढायचा. खाद्य विकतचे किती आणि घरचे किती. औषध दिल्यानंतर किती दिवस विक्री बंद ठेवायची. पाकिटावरचा बॅच क्रमांक आणि शेडवरच्या वहीतला क्रमांक एकच असला पाहिजे. कत्तल आणि पाकीटबंदीसाठी अन्नसुरक्षेचा परवाना लागेलच. आणि कृपा करून पाकिटावर मधुमेह, हृदयरोग किंवा पौरुष यांबद्दल एक अक्षरही छापू नका. कडकनाथच्या बाजारात असे दावे सर्रास दिसतात, पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि माझ्या अनुभवात तक्रार येते ती मानांकनापेक्षा या दाव्यांवरूनच अधिक.

हॉटेलच्या खरेदी विभागाला या आठवड्यात पत्र द्यायचे असेल तर त्यात एवढेच लिहा: हे मांस कडकनाथ जातीच्या कोंबडीचे आहे, पक्षी अमुक हॅचरीतून आणून माण तालुक्यात वाढवलेले आहेत, ‘झाबुआ कडकनाथ ब्लॅक चिकन मीट’ या मानांकनाखालील हे उत्पादन नाही आणि आम्ही तसा दावा करत नाही, तुमच्या मेनूकार्डावरही ‘झाबुआ’ हा शब्द आमच्या मालासाठी वापरू नये. सोबत पिल्लांची पावती, अन्नसुरक्षा परवान्याची प्रत आणि बॅचच्या वहीतील एका पानाची छायाप्रत जोडा. ‘जीआय प्रमाणित पिल्ले’ हा कागद त्या पत्रासोबत जोडू नका. तो ज्यांनी दिला त्यांच्याकडे लेखी खुलासा मागा आणि तो मिळेपर्यंत त्यांच्याकडून पुढची बॅच घेऊ नका.